जळजळ तीच, जंतू वेगळे

लघवीला जळजळ होऊ लागली की आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि धने-जिऱ्याचं पाणी सुरू होतं. पाणी पिण्यात वाईट काहीच नाही. पण दोन दिवसांत उतार पडला नाही की बरेच जण औषधाच्या दुकानातून चार गोळ्या आणतात. त्यानं जळजळ तेवढ्यापुरती थांबते आणि पुन्हा सुरू होते. मग लघवी तपासली, तरी पोटातल्या गोळ्यांमुळे जंतू सापडतच नाहीत.

म्हणून लघवी आधी द्यावी, गोळी नंतर घ्यावी. जागा साध्या पाण्यानं धुवून, पहिली धार सोडून मधली धार प्रयोगशाळेनं दिलेल्या निर्जंतुक डबीत धरायची. घरातली टॉनिकची रिकामी बाटली चालत नाही. नमुना दोन तासांत पोहोचवावा, नाहीतर तो फ्रिजमध्ये ठेवावा. उन्हात तसाच राहिला तर जंतू डबीतच वाढतात आणि नसलेला आजार कागदावर उमटतो. कल्चरला एक-दोन दिवस लागतात, पण कोणतं औषध लागू पडेल ते त्यातूनच कळतं.

बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, पुरुषांचा सुमारे २०. त्यामुळे आतड्यातले ई. कोलाय जंतू बायकांच्या मूत्राशयात लवकर पोहोचतात. त्यात एस.टी.च्या प्रवासात धड स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या कितीतरी जणी! हा दोष त्यांचा नव्हे.

आता एक रिपोर्ट असा येतो: पस सेल्स भरपूर, कल्चरमध्ये मात्र काहीच नाही. त्याचं कारण आधी घेतलेल्या गोळ्या असू शकतं, मूत्रमार्गाचा क्षयही असू शकतो. पण क्लॅमिडिया किंवा परमा हे लैंगिक संबंधातून येणारे आजारही असू शकतात, आणि ते नेहमीच्या कल्चरमध्ये दिसत नाहीत. त्यांची चाचणी वेगळी. पुरुषांना तिच्यासाठी, गंमत म्हणजे, लघवीची पहिली धारच द्यावी लागते. बायकांच्या योनीमार्गातला स्राव कापसाच्या काडीनं घेतलेला अधिक चांगला. डॉक्टर हा विषय काढतील तेव्हा सासूबाईंना किंवा नवऱ्याला बाहेर बसवायला सांगणं हा रुग्णाचा हक्क आहे.

क्लॅमिडिया बऱ्याच बायकांना काहीही त्रास देत नाही, आणि आतल्या आत गर्भनलिका बंद करतो. पुढे मूल होत नाही म्हणून बोलणी तिनंच खायची! औषध साधं, स्वस्त आहे. पण ते दोघांनी एकाच वेळी घ्यायला हवं. बायकोला गोळ्या आणि नवरा मोकळा, असं झालं की महिन्याभरात तीच पुन्हा दवाखान्यात. उपचार संपेपर्यंत संबंध टाळावेत. एचआयव्ही आणि गरमीसाठी रक्तही तपासून घ्यावं. जिल्हा रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये हे उपचार मोफत होतात.

श्रोतेहो, हा संसर्ग महिनोन्‌महिने लपून राहू शकतो. तो केव्हा आणि कुणाकडून आला हे रिपोर्ट सांगत नाही. त्यावरून घरात खटला उभा करू नये.

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणं ही मूत्रपिंडापर्यंत संसर्ग गेल्याची लक्षणं. तिथं मात्र रिपोर्टची वाट पाहायची नाही. नमुना देऊन लगेच उपचार. गरोदरपणात त्रास नसला तरी लघवी तपासावी, आणि जंतू निघाले तर औषध घ्यावं. याउलट, घरातल्या आजींच्या लघवीत जंतू निघाले पण त्यांना त्रास काहीच नाही, तर बहुधा औषध लागत नाही.