उत्तरे सुलभ झाल्यावर शाळा

ज्या मुलाच्या हाती आज मोबाईल आहे त्याला बेडकाच्या हृदयाला किती कप्पे असतात हे सांगण्यासाठी शिक्षकाची गरज उरलेली नाही. ही गोष्ट आपण प्रथम मोकळेपणाने मान्य करावी. माहितीचा साठा करून ती वाटणारी वखार एवढेच शाळेचे स्वरूप असेल, तर ती वखार आता बंद व्हावी हेच योग्य.

परंतु शाळेचे याहून निराळे रूप आपल्याच देशात घडलेले आहे. १९७२ साली मध्य प्रदेशातील तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात ‘किशोर भारती’ आणि रसूलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी १६ शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक उपक्रम सुरू केला. मुले टोळ्या करून प्रयोग करीत आणि निष्कर्ष स्वतः काढीत. परीक्षेला पुस्तक नेण्याची मुभा होती. कारण पुस्तकातून जसेच्या तसे उतरवता येईल असे त्या परीक्षेत फारसे काही विचारलेच जात नसे! मनात आलेली शंका मुले ‘सवालीराम’ नावाच्या एका काल्पनिक गृहस्थास पत्राने कळवीत, आणि त्यांना उत्तरही येई. १९७८ मध्ये हा उपक्रम जिल्ह्यातील सर्व उच्च प्राथमिक शाळांत पोहोचला.

अशा वर्गात काय घडते ते पाहा. एकाच बाकाची लांबी चार मुलांनी मोजली तर बहुधा चार आकडे येतात. मग वाद होतो. पट्टीचे टोक झिजलेले होते काय? डोळा तिरपा होता काय? शेजारच्या मुलाचा आकडा आपल्याहून खरा असू शकतो, हे त्या वादात मूल प्रथमच अनुभवते. यंत्र एकच आकडा देते; तेथे वाद घालायला कोणी नसते.

२००२ साली राज्य शासनाने तो उपक्रम बंद केला. मला ती हानी फार मोठी वाटते. २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा धडे पडद्यावरून घरोघरी गेले, पण टोळीतले ते भांडण काही जाऊ शकले नाही.

यंत्रे वर्गाबाहेर ठेवावीत असे मी म्हणत नाही. समजा, फोन गावाचे तापमान ३४ अंश सांगतो आणि शाळेच्या व्हरांड्यातील तापमापक ३७ अंश दाखवतो. दोन्ही आकडे फळ्यावर लिहावेत आणि हा फरक का पडला, असे वर्गाला विचारावे. त्या तासाला मागच्या बाकावर बसायला मला आवडेल.