गच्चीवर कोण गेलं होतं?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, थोडं नीट करून)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा म्हणाले, ‘तू सॉफ्टवेअरमधली, तू एआयवर बोल.’ मी हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर विचार केला, की एआयवर आपल्या घरातली आठवीतली पोरंसुद्धा माझ्याइतकंच बोलतील. मग मी विषय बदलला. संयोजकांना आज सकाळी सांगितलं, म्हणून ते तिथे तोंड पाडून बसलेत. मी आज छपरावर बोलणार आहे. म्हणजे डोक्यावरच्या छपरावर, आणि ते तपासायचं कसं यावर.

हसू नका. आपण भुसावळची माणसं आहोत. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा आपल्यात आणि सूर्यात काय असतं, तर चार-पाच इंचांचा एक स्लॅब. त्या स्लॅबकडे आपण बघतो कधी? पापड-कुरडया वाळत घालायला जातो, उन्हाळ्यात गाद्या टाकायला जातो, पतंग उडवायला जातो. स्लॅबकडे बघायला म्हणून कोणी जात नाही.

पूर्वी जायचे. माझं आजोळ यावल तालुक्यातलं. मातीचं धाबं होतं. लाकडी सरे, त्यावर काटक्या आणि पाला, आणि वर पांढऱ्या खाऱ्या मातीचा जाड थर. दरवर्षी मृगाच्या आधी आजोबा नवी माती पसरायचे, चोपायचे, उगवलेलं गवत मुळासकट काढायचे, पन्हळ मोकळी करायचे. पहिला मोठा पाऊस झाला की कंदील घेऊन वर. कुठे पाणी मुरतंय ते पायाला कळायचं त्यांना. तिथेच उभं राहून पायाने माती दाबायचे. मग सिमेंट आलं. लोकांना वाटलं, आता कायमची सुटका झाली. पन्नास वर्षं बघायला नको. आपल्याकडे अजून स्लॅबच्या गच्चीलाही जुनी माणसं धाबंच म्हणतात. आणि खरं सांगायचं तर स्लॅब आल्यापासून आपण धाबं धाब्यावर बसवलं.

मलाही हे आधी समजलं नव्हतं. समजलं ते समुद्राकाठी.

माझं सासर दापोली तालुक्यातलं, किनाऱ्याला लागून. जांभ्या दगडाच्या भिंती, लाकडी वासे आणि वर मंगलोरी कौलं. ही कौलं आपल्याला परकी नाहीत. रेल्वे क्वार्टरवर होतीच. बाझेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगलोरला पहिला कारखाना काढला आणि ती कौलं समुद्रमार्गाने कोकणभर आणि पुढे रेल्वेने देशभर गेली. कोकणात दरवर्षी पावसाआधी शाकारणी होते. कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, रिपा आणि वासे ठोकून बघायचे, वाळवी लागलेलं लाकूड बदलायचं, पुन्हा कौलं चढवायची. आमच्या आजोबांची जी माती, तीच यांची शाकारणी. पण सासऱ्यांचं वय झालं, शाकारणीला माणसं मिळेनात, आणि दोन-तीन वर्षं ते राहून गेलं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा, आणि खाडीच्या अलीकडे मंडणगड, दापोली. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरंच्या घरं उघडी पडली. त्यात लॉकडाऊन. आम्ही पुण्यात, हलता येत नव्हतं. फोन लागत नव्हते. तिसऱ्या दिवशी सासूबाईंचा आवाज ऐकला, त्या एवढंच म्हणाल्या, ‘देवघर कोरडं आहे.’ देवघर कोरडं आहे म्हणजे बाकीचं घर ओलं आहे, हे कळायला मला थोडा वेळ लागला. जून-जुलैचा कोकणातला पाऊस, आणि निम्म्या घरावर निळी ताडपत्री. पत्रे मिळेनात, कौलं मिळेनात, सुतार मिळेना. गावात वीज यायला कित्येक दिवस लागले.

पाऊस संपल्यावर आम्ही छप्पर नव्याने घालायचं ठरवलं. नवऱ्याच्या ओळखीचे एक सिव्हिल इंजिनियर आले. मला वाटलं, माप घेतील आणि खर्च सांगतील. त्यांनी आधी अर्धा दिवस, उडालेलं छप्पर कसं उडालं एवढंच बघितलं. कुठलं कौल आधी गेलं असेल, कुठली रीप वाकली, कुठला खिळा उपटला. मी आजवर समजत होते की वारा छपराला ढकलतो. ते म्हणाले, ढकलतो कमी, उचलतो जास्त. वारा उतरत्या पाखीवरून जाताना पलीकडच्या बाजूला वरती ओढ तयार होते, आणि वळचणीखालून किंवा उघड्या दारातून आत शिरलेला वारा खालून रेटा देतो. म्हणून आधी जातात ती कडेची आणि आढ्यावरची कौलं. एकदा तिथे भोक पडलं की बाकीचं छप्पर पुस्तकाच्या पानांसारखं निघतं. आमच्या घरी खिळे खाऱ्या हवेने इतके गंजले होते की वासे भिंतीवर नुसते टेकलेले होते, धरलेले नव्हते. मंगलोरी कौलाला खालच्या अंगाला तारेसाठी एक छोटं भोक असतं. ते कशासाठी असतं हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. आता कडेच्या आणि आढ्याजवळच्या ओळी तारेने बांधल्या आहेत, वासे लोखंडी पट्ट्यांनी भिंतीवरच्या लाकडाला जखडले आहेत, आणि बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेले आहेत. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. आमची सात कौलं गेली. फक्त सात. सासूबाई ती संख्या अजून सगळ्यांना सांगतात.

एवढं सगळं शिकून मी काय केलं असेल? भुसावळच्या घराकडे बघितलं असेल? नाही. मला वाटायचं, वादळ समुद्राकाठी येतं. आपल्याकडे कसलं वादळ?

आमचं भुसावळचं घर १९८८ चं. बाबा रेल्वेत होते, क्वार्टर सोडून हौसेने बांधलेलं. साधारण २०१६ पासून आतल्या खोलीत ओल यायला लागली. आई फोनवर सांगायची, मी पैसे पाठवायचे, आणि कोणीतरी येऊन गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा रंग मारून जायचं. असं तीन वेळा झालं. तिन्ही वेळा पांढरा रंग, तिन्ही वेळा दहा वर्षांची गॅरंटी. मी इंजिनियर. माझ्या कामात एखादी चूक पुन्हा पुन्हा आली तर मी कोणालाही ‘वरून पट्टी मार’ म्हणू देत नाही, मूळ शोधायला लावते. घराच्या बाबतीत मी तीनदा पट्टी मारली, आणि तीही न बघता, फोनवरून.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात दुपारी तीनच्या सुमाराला त्या खोलीच्या छताचा एक मोठा पोपडा खाली पडला. नुसता गिलावा नव्हता, काँक्रीटसकट. त्या वेळी खोलीत कोणी नव्हतं. मी रात्रीच्या गाडीने आले.

आणि मग मी आपल्या वर्गातल्या एका मित्राला फोन केला. नाव सांगत नाही, तो आत्ता खाली मान घालून बसलाय. गणिताच्या तासाला कायम बाहेर उभा असायचा, पुढे सिव्हिलचा डिप्लोमा केला, आणि आज पंचवीस वर्षं इमारतींची दुरुस्ती आणि तपासणी करतोय. तो आला आणि गच्चीवर गेलाच नाही! खाली बसला, चहा घेतला, आणि आईला प्रश्न विचारायला लागला. ‘काकू, पाऊस सुरू असताना गळतं की थांबल्यावर? थांबल्यावर किती दिवस? उन्हाळ्यात ओल दिसते का?’ मला कळेना, हा डॉक्टर आहे की इंजिनियर. नंतर त्याने समजावलं. उन्हाळ्यातही ओल असेल तर नळाची लाइन बघायची. पाऊस पडताच गळत असेल तर सरळ भेग. पाऊस थांबल्यावर दोन दिवस गळत असेल तर वरच्या विटांच्या कोब्यात पाणी साठून आहे. आमचं तिसरं होतं.

मग चौकटीच्या कागदावर त्याने घराचा नकाशा काढला आणि प्रत्येक खोलीतली भेग, डाग, पोपडा त्यावर मांडला. हातोडीने छत ठोकत गेला. चांगला भाग टणटण वाजतो, सुटलेला भाग भद्द वाजतो. तेही खडूने आखलं. एका ठिकाणी थोडं छिद्र घेऊन त्यावर फिनॉल्फ्थॅलिन टाकलं. आठवतं? बारावीच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशन करताना एक थेंब जास्त पडला की सगळं गुलाबी व्हायचं, तेच. चांगलं काँक्रीट गुलाबी होतं, कारण ते अल्कलीयुक्त असतं आणि त्यातच सळई सुरक्षित राहते. हवा मुरून मुरून ते गुण गेले की रंग येत नाही. आमच्या छताचा सळईपर्यंतचा थर बेरंग होता. सळईखाली काँक्रीट जेमतेम अर्धा इंचही नव्हतं. पाणी पोचलं, सळई गंजली. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, तो काँक्रीटला आतून फोडतो. पोपडा हा असा पडतो.

शेवटी गच्ची. भुसावळच्या गच्चीचं एक वेगळं दुखणं आहे. दहा मीटर लांबीचा स्लॅब तीस अंशांनी तापला की साधारण तीन मिलिमीटर वाढतो. रात्री आक्रसतो. रोज. आणि जूनमध्ये तापलेल्या गच्चीवर अचानक पहिला पाऊस पडतो. म्हणून आपल्याकडे भिंत आणि स्लॅब मिळतात तिथे, पॅरापेटच्या पायाशी, हमखास भेगा असतात. आमच्याकडेही होत्या. पन्हाळ्यात लिंबाचा पाला अडकलेला होता. पण तो थांबला सोलरपाशी. पाणी तापवायचा सोलर, २०१४ मध्ये आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मीच भेट दिलेला. त्याचे चार पाय पक्के बसावेत म्हणून बसवणाऱ्यांनी कोबा फोडून खाली बोल्ट ठोकले होते. चार बोल्ट, चार भोकं. तीनही वेळा रंग त्या पायांच्या भोवतीने मारला गेला होता, पायांखाली कोणी बघितलं नव्हतं. खालच्या नकाशात आतल्या खोलीवरचा डाग बरोबर त्याच्याखाली येत होता.

हे मला लागलं. पण त्याहून जास्त लागलं ते पुढचं. खोलीत परत आल्यावर मित्राने फरशीकडे बोट दाखवलं. पलंगाच्या पायांचे जुने डाग फरशीवर होते, एका जागी नाही, तीन जागी. दरवर्षी पलंग वीतभर सरकला होता. आईने सरकवला होता, बाबांच्या डोक्यावर थेंब नको म्हणून. पोपडा पडला तो डागांच्या पहिल्या जागेवर. मी आईला म्हटलं, ‘मला सांगितलं का नाहीस?’ ती म्हणाली, ‘तू पैसे पाठवत होतीस ना बाई. अजून किती सांगायचं?’

दुरुस्ती झाली. आधी खालून टेकू लावले, सुटलेलं काँक्रीट काढलं, सळया घासून गंजरोधक लावला, नव्याने भरलं, जुना कोबा काढून उतार नीट करून नवा घातला. मग गच्चीवर अठ्ठेचाळीस तास पाणी तुंबवून ठेवलं आणि खाली आम्ही छताकडे बघत बसलो. वर चायना मोझॅक, पांढरं, म्हणजे उन्हाळ्यातही थोडा दिलासा. सोलर आता काँक्रीटच्या सुट्या ठोकळ्यांवर उभा आहे. स्लॅबला एकही भोक नाही. आणि पलंग पहिल्या जागेवर परत आला आहे.

मोठ्या शहरांत तीस वर्षं झालेल्या इमारतींची तपासणी कायद्याने करून घ्यावी लागते. आपल्या गावातल्या स्वतंत्र घरांना असं कोणी विचारत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या आई-वडिलांची घरं त्याच काळातली, ऐंशी-नव्वदची. आपण पुण्यात, नाशकात, बंगळुरात, अमेरिकेत. आणि आपले सर आणि बाई इथेच आहेत. त्यांतल्या कित्येकांची घरंही तेव्हाचीच. मुलं बाहेर. गुडघ्यांमुळे ते स्वतः गच्चीवर चढत नाहीत.

म्हणून मी आणि त्या मागच्या बाकावरच्या मित्राने एक ठरवलंय. पावसाळा नुकताच संपलाय, डाग अजून ताजे आहेत, आणि दुरुस्तीला जूनपर्यंत वेळ आहे. जानेवारीतले चारही रविवार तो देणार आहे. मी दोन रविवार पुण्याहून येणार, नकाशे काढायला आणि फोटो घ्यायला. पहिल्यांदा आपल्या शिक्षकांची घरं, मग वर्गातल्या ज्यांचे आई-वडील इथे एकटे आहेत त्यांची. बघायचे पैसे नाहीत. दुरुस्ती कोणाकडून करायची ते तुमचं तुम्ही ठरवायचं, आमचा माणूस घ्या असं आम्ही म्हणणार नाही. मोठं काही निघालं तर नीट चाचण्या करणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनियरकडे पाठवू.

जेवणाच्या हॉलच्या दाराशी एक वही ठेवली आहे. पत्ता, घर कोणत्या सालचं, आणि पाऊस थांबल्यावर किती दिवस गळतं, एवढं लिहा. पहिलं नाव आमच्या मराठीच्या बाईंचं आहे, त्यांना न विचारता मीच लिहिलंय. बाई, रागावू नका. आणि वहीत पलंग सरकवलाय का, हेही लिहा.