मोबाईल आजीच्या हातात द्या

(पाड्यांवर मोबाईलचे वर्ग घेणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात झालेलं भाषण. जसं बोललं गेलं तसंच छापलं आहे.)



गेल्या पावसाळ्यात आवणी उरकल्यावर आम्ही आमच्या पाड्यावर मोठ्या माणसांसाठी मोबाईलचा वर्ग सुरू केला. पहिल्या रात्री तेवीस माणसं आली. दुसऱ्या रात्री चार. त्यातली दोन तर माझ्याच घरची. चूक माझी होती. मी पहिल्या दिवशी काय शिकवलं? हे सेटिंग, हे वायफाय, हे अ‍ॅप, हे असं सरकवायचं. मला वाटलं मी फार छान शिकवलं. एक आजी शेवटपर्यंत बसली होती, उठताना बोलली, "बाय, तुझं ते सगळं खरं, पण माझे पैसे कुठं जातात ते यात दिसतं का?"

मग आम्ही ठरवलं की तिच्या प्रश्नापासून सुरू करायचं. आज मी जे सांगणार ते सगळं त्या प्रश्नातून निघालेलं आहे.

आपल्या म्हाताऱ्या माणसांना अंगठ्याची भीती का वाटते, हे आपण शिकलेली पोरं विसरलो. सावकाराने कोऱ्या कागदावर अंगठा घेतला आणि जमीन गेली, अशी गोष्ट प्रत्येक पाड्यावर आहे. आदिवासींच्या हातून गेलेली जमीन परत द्यायला सरकारला १९७४ चा कायदा करावा लागला. आता कागद गेला आणि अंगठा मशीनवर आला. रेशनला अंगठा, सिमकार्डला अंगठा, पैसे काढायला अंगठा. पूर्वी कागदावर काय लिहिलंय ते दिसत नव्हतं, आता पडद्यावर काय आहे ते दिसत नाही. मग फरक काय पडला?

बँकेचा माणूस मशीन घेऊन पाड्यावर येतो, त्या व्यवहारात काय होतं ते नीट समजून घ्या. त्याला तीन गोष्टी लागतात. आधार नंबर, बँकेचं नाव आणि आपलं बोट. त्यात पिन नाही, ओटीपी नाही. म्हणजे बोट हीच चावी. आपण आवणी करणारी, दगड उचलणारी माणसं, आपल्या बोटाच्या रेषा झिजलेल्या. एकदा लावलं तर लागत नाही. तो बोलतो, "सर्व्हर डाऊन, परत लावा." आपण परत लावतो. पण पहिल्यांदा खरंच फेल झालं होतं का?

माझ्या आजीच्या पासबुकात एकाच दिवशी हजार-हजारच्या दोन नोंदी निघाल्या. हातात हजारच आले होते. कुठला माणूस, कुठलं गाव ते सांगत नाही. पासबुक छापून आणलं, तारीख दाखवली, पाच जणी बरोबर गेलो, तेव्हा पैसे परत मिळाले. पण पासबुक छापलं कधी? चार महिन्यांनी. आणि तेही मी सुट्टीत घरी होते म्हणून.

म्हणून आमच्या वर्गात मशीनचा एक पूर्ण दिवस असतो. शिकवायचं एवढंच. बोट लावायच्या आधी विचारायचं, "पैसे काढतोस का शिल्लक बघतोस?" दोन्हीला बोटच लागतं, पण काम वेगळं. बोट लावल्यावर चिठ्ठी मागायची. चिठ्ठी नसेल तर पडदा आपल्याकडे वळवायला लावायचा. फेल झालं असं तो बोलला, तर दुसरं बोट द्यायच्या आधी शिल्लक किती ते दाखव म्हणायचं. तो चिडेल. चिडू दे.

आता तुम्ही म्हणाल, चिठ्ठी इंग्रजीत असते, आजीला काय कळणार. आम्ही इंग्रजी शिकवत नाही, दोन शब्दांचं रूप शिकवतो. सक्सेसचं पहिलं अक्षर नागासारखं वळलेलं. फेलचं पहिलं अक्षर म्हणजे एकाच बाजूला दोन फांद्या फुटलेला खांब. नाग दिसला तर पैसे कापले गेले, खांब दिसला तर नाही. आमच्याकडच्या साठी ओलांडलेल्या बायका हे एका संध्याकाळी शिकल्या. ज्यांना जंगलात पानावरून झाड ओळखता येतं त्यांना दोन अक्षरं ओळखणं जड नाही.

त्याहून जड गेले ते आकडे. हे मला आधी सुचलंच नव्हतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना मराठी आकडे येतात, रात्रशाळेत शिकलेले असतात. पण मोबाईलवर इंग्रजी आकडे. इंग्रजी नऊ आपल्या मराठी एकसारखा दिसतो. इंग्रजी आठ आपल्या चारसारखा. एक काका नऊशे रुपयांना शंभर समजून बसले होते. म्हणून पहिले दोन दिवस फक्त आकडे. सारवलेल्या ओट्यावर चुन्याने मोबाईलचे आकडे काढायचे, फोनवर असतात तसेच, वर एक-दोन-तीन आणि खाली शून्य. त्यावर चिंचोका ठेवत स्वतःचा नंबर लावायचा. मोबाईल हातात घ्यायचाच नाही. त्यामुळे बिघडेल ही भीती नाही, आणि एका मोबाईलसाठी दहा जण रांगेत नाहीत. नंतर मोबाईल घेतला की बोट आपोआप जागेवर जातं.

आणि हो, शिकवणाऱ्या पोरांना एक सांगते. आजीच्या हातातून मोबाईल काढून घेऊ नका. "थांब, मीच करून देतो," हे बोललात की वर्ग संपला. मी स्वतः हे शंभर वेळा केलंय. नातवंडं तर ओरडतातच, म्हणून आम्ही कोणालाच त्याच्या घरच्या माणसाकडे शिकायला बसवत नाही. माझी आई शेजारच्या पोरीकडे शिकते, मी त्या पोरीच्या आईला शिकवते. भांडण निम्मं झालं.

सरकारचीही योजना होती. २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू झालं. सहा कोटी घरांत घरटी एक माणूस शिकवायचा, वीस तासांचा अभ्यास, नंतर परीक्षा. मार्च २०२४ ला ते संपलं. वय होतं चौदा ते साठ. म्हणजे जिला म्हातारपणाची पेन्शन मशीनवर बोट लावून घ्यावी लागते तीच त्यात नाही. आणि घरटी एक म्हटलं की आपल्याकडे कोण जातो? पोरगा. ज्याला आधीच येतं तो.

आता पैसे कुठं जातात. आधार ज्या बँकेला सगळ्यात शेवटी जोडलं, सरकारी पैसा त्या खात्यात जातो. आजीला वाटतं जिचं पासबुक आहे त्या बँकेत. २०१७ मध्ये एका मोठ्या मोबाईल कंपनीने सिमकार्डला आधार जोडताना लोकांना न विचारता आपल्या बँकेत त्यांची खाती उघडली आणि लाखो लोकांची गॅसची सबसिडी तिकडे गेली. नंतर ओरड झाली, पैसे परत करावे लागले. म्हणून सिम घेताना, मेळाव्यात, कुठेही बोट लावताना विचारायचं की हे कशासाठी. आणि पैसे आले नाहीत तर आधी बँकेत जाऊन विचारायचं, "माझं आधार शेवटचं कुठल्या खात्याला जोडलंय?" हे वाक्य आम्ही पाठ करून घेतो.

ओटीपीचं फार बोलत नाही, सगळीकडे बोलतात. फोनवर कोणी नंबर विचारला तर द्यायचा नाही. पैसे गेले तर रडत बसायचं नाही, लगेच १९३० ला फोन लावायचा. जितका उशीर तितके पैसे पुढे निघून जातात. बोट लॉक करायची सोयही आधारमध्ये आहे, पण लॉक केलं की रेशनच्या मशीनवरही बोट चालत नाही. ज्याच्या घरी महिन्याला ते उघडून देणारं कोणी नाही त्याने त्या भानगडीत पडू नये, असं माझं मत आहे.

आता जमिनीकडे येते, कारण संघटना म्हणून आपलं खरं काम ते आहे.

माझ्या एका मावशीला वनहक्काचा पट्टा मिळाला. सगळ्यांनी नारळ फोडला. पट्टा पिशवीत, पिशवी आढ्याला. वर्षभर कोणी वाचला नाही. वर्गात आम्ही सांगितलं, येताना आपापला कागद आणा, कॅमेरा शिकायचाय. फोटो काढायला शिकताना मावशीने फोटो मोठा करून बघितला. तिथे होतं ०.४०. ती बोलली, चाळीस काय? मी सांगितलं, टिंबाच्या आधी हेक्टर, टिंबानंतर आर. चाळीस आर म्हणजे साधारण चाळीस गुंठे, म्हणजे एक एकर. ती गप्प झाली. मग बोलली, "नाय गो बाय, माझी नागलीच तेवढ्यात मावत नाय. वरी कुठं पेरते मी?"

दुसऱ्या दिवशी मोबाईलमध्ये मोजणीचं अ‍ॅप चालू करून आम्ही तिला तिच्याच बांधावरून चालायला लावलं. मोबाईल तिच्या हातात, आम्ही मागे. प्रत्येक कोपऱ्यावर थांबायचं, मग पुढे. आकडा आला एक हेक्टर पाच आर. अडीच एकरांच्या वर. मोबाईलची मोजणी चार-पाच मीटर इकडेतिकडे होते, झाडाखाली जास्तच. ती सरकारी मोजणी नाही. पण एक आणि अडीचमधला फरक झाडाच्या सावलीने पडत नाही.

कायदा काय सांगतो? २००६ चा वनहक्क कायदा सांगतो की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जेवढी जमीन आपण प्रत्यक्ष कसतो तेवढी द्यायची, जास्तीत जास्त चार हेक्टर. लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे. म्हणून मोजायला दोघांनाही यायला पाहिजे. दावा नाकारला किंवा कमी केला तर दावेदाराला प्रत्यक्ष भेटून कळवायचं, म्हणजे त्याला साठ दिवसांत दाद मागता येईल, आणि त्यात आणखी तीस दिवस वाढवून मिळू शकतात. मावशीला कोणी कळवलंच नव्हतं. तेच मुद्द्यात लिहून ग्रामसभेच्या ठरावासकट अर्ज दिला आहे. अजून निकाल नाही. पण अर्जाची पोच तिने स्वतः फोटो काढून ठेवली, चारही कोपरे दिसतील असा, शिक्का आणि तारीख वाचता येईल असा. पहिल्या तीन फोटोंत तिचा अंगठाच आला होता.

म्हणून मी म्हणते, सगळ्यात आधी कॅमेरा शिकवा. कागद द्यायच्या आधी फोटो, पोच मिळाली की फोटो, आणि ते फोटो घरातल्या आणि संघटनेच्या दोन माणसांना पाठवून ठेवायचे. दिवाळीनंतर आपली माणसं वीटभट्टीवर जातात. घरं गळतात, उंदीर खातात. फोटो सांगेल कधी काय दिलं होतं.

मात्र याची दुसरी बाजूही आहे, तिथे आपण सावध राहायला पाहिजे. शेजारच्या मध्य प्रदेशात २०१९ मध्ये नाकारलेले दावे परत तपासायला वनमित्र नावाची ऑनलाईन व्यवस्था आणली. ज्याच्याकडे मोबाईल नाही, रेंज नाही, वाचता येत नाही, तो दुसऱ्याच्या हातात गेला. उद्या आपल्याकडे कोणी बोललं की कागद नको, ऑनलाईन भरा, तर काय बोलायचं? कायद्यात दावा ग्रामसभेकडे जातो, वनहक्क समिती तो घेते आणि पोच देते. उपग्रहाच्या चित्राचंही तसंच. २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्ट आहे की उपग्रहाचं चित्र बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून चालेल, पुराव्याच्या जागी नाही. आपल्या उतारावरच्या शेतात मोह, साग, आंबा उभाच असतो. वरून बघणाऱ्याला ते जंगल दिसतं. म्हाताऱ्या माणसाचा जबाब, जुनी विहीर, बांध, देवाची जागा, दंडाची पावती हे वरून दिसत नाही. मोबाईल आपण शिकायचा तो त्यांना प्रश्न विचारता यावा म्हणून. कागद आणि ग्रामसभा सोडायची नाही.

रोजगार हमीच्या कामावर २०२३ पासून हजेरीचा फोटो मोबाईलवर काढतात, तिथेही हेच. फोटो चढला नाही की मजुरी गेली. मेटने फोटो काढल्यावर आपल्यातल्या एकीने बघायचं, सगळे आले का, आणि आपल्या वहीत दिवस आणि मस्टर नंबर लिहायचा. वही लिहायला रेंज लागत नाही.

एक गंमत सांगते. मोबाईलमध्ये बोललं की लिहून येतं, ते बटण मी दाखवलं. आमच्या आजीने वारलीत काहीतरी सांगितलं. मोबाईलने भलतंच लिहिलं, मी वाचून दाखवलं तर सगळा ओटा हसला. आजी बोलली, "याला आपली भाषा येत नाय, मग अडाणी कोण?" त्या रात्रीनंतर ती एकदाही चुकली नाही वर्गाला.

आमचा वर्ग आता सहा दिवसांचा असतो. दोन दिवस आकडे, एक दिवस कॅमेरा, एक दिवस मशीन आणि बँक, एक दिवस फोन आणि ओटीपी, शेवटच्या दिवशी ज्याची त्याची जमीन. सहा दिवसांत सगळं येत नाही. काही जणी तीनदा बसल्या. एका काकांना अजून फोन उचलता येतो, ठेवता येत नाही, ते बॅटरी काढतात.

ज्या पाड्यांना वर्ग हवाय त्यांनी आज जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे नाव द्या. भात कापणीच्या आधी घेऊ, नंतर माणसं मिळत नाहीत. मोबाईल नसला तरी चालेल, आपला पट्टा, पासबुक आणि जॉबकार्ड मात्र आणा. आणि थोडा चुना लागेल, ओट्यावर आकडे काढायला.

जोहार.