एजंट नेमका कशाचे पैसे घेतो?

(बेंगळुरूतल्या मराठी विद्यार्थ्यांच्या रविवारच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



गेल्या काही महिन्यांत इथल्या बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय. "ताई, बाहेर जायचं ठरवलंय. एजंट करू की नको?" माझं संशोधन स्थलांतरावर आहे म्हणून विचारत असाल. पण हाच प्रश्न सध्या माझ्या घरातही चालू आहे. माझ्या धाकट्या बहिणीला एम.एस्सी.साठी जर्मनीला जायचंय. त्यामुळे आज जे बोलणार आहे ते पुस्तकातलं कमी आणि घरात बसून मांडलेल्या हिशोबातलं जास्त आहे.

एजंट म्हणजे चोर, असं म्हणून मी विषय संपवणार नाही. तसं म्हणणं सोपं असतं, विशेषतः ज्यांना एजंट कधी लागलाच नाही त्यांना. माझ्या विभागातल्या एका सवर्ण मैत्रिणीला मी विचारलं, तू अर्ज कसे केलेस? ती म्हणाली, "मीच केले, त्यात काय आहे!" नंतर बोलता बोलता कळलं की तिचा मामा न्यू जर्सीत आहे, आत्या लंडनला, आणि तिचं एस.ओ.पी. आत्याच्या नवऱ्याने तीनदा तपासून दिलं. तिने फॉर्म स्वतःच भरला, हे खरंच आहे. पण तिच्यामागे जे उभं होतं त्याला ती मदत म्हणत नाही, घर म्हणते. समाजशास्त्रात आपण सामाजिक आणि सांस्कृतिक भांडवल म्हणून जे शिकतो ते हेच. आपल्याकडे मामा आहे, पण तो साखर कारखान्यावर आहे किंवा एस.टी.त. म्हणून जे त्यांना घरात फुकट मिळतं ते आपल्याला जयनगर-कोरमंगलातल्या ऑफिसात विकत घ्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट आहे, जी आपण मोठ्याने बोलत नाही. शिष्यवृत्तीच्या खिडकीवर आपल्याला कसं वागवतात ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. "उद्या या", "हा कागद नाही", "तुमचं काय बाबा, सगळं फुकट." आणि एजंटच्या ऑफिसात? एसी, पाणी, चहा, "सर बसा, मॅडम बसा." आईवडिलांना कुणीतरी पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून मान देतं. त्या मानाची किंमत आपण फीमध्ये मोजतो. एजंटकडे जाणारी आपली मुलं भोळी नसतात, हे आधी नीट समजून घेऊ.

आता हिशोबाकडे येऊ.

एजंट दोन जातीचे असतात, आणि हा फरक कायद्यातला आहे. पहिला नोकरीसाठी पाठवणारा. त्याला १९८३ चा उत्प्रवास कायदा लागू होतो. त्याच्याकडे परराष्ट्र मंत्रालयाचा नोंदणी क्रमांक असावा लागतो, तो खरा आहे का हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. तो उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो. त्याहून जास्त मागितले तर तो गुन्हा आहे. ज्यांचे भाऊ-मेहुणे आखातात जातायत किंवा बहिणी नर्सिंगला आहेत त्यांनी हा आकडा घरी भिंतीवर लिहून ठेवावा. २०१५ साली कोचीतल्या एका एजन्सीचं प्रकरण बाहेर आलं. कुवेतच्या नोकरीसाठी नर्सेसकडून १९,५०० रुपये घ्यायचे होते, तिथे १९ लाख ५० हजार घेतले जात होते. त्या मुलीही कुणाच्या तरी घरातल्या पहिल्या शिकलेल्याच असतील.

दुसरा एजंट शिक्षणासाठी पाठवणारा, म्हणजे 'कन्सल्टन्सी'. त्याला हा कायदा लागू होत नाही, कारण विद्यार्थी हा त्या कायद्याच्या भाषेत नोकरीसाठी जाणारा नव्हे. इथे ना फीची मर्यादा, ना सक्तीचा नोंदणी क्रमांक. आणि आपण बहुतेक जण जातो ते याच दुसऱ्याकडे.

हा दुसरा पुष्कळदा म्हणतो, "आमची सेवा फ्री आहे." मग ऑफिसचं भाडं कोण भरतं? परदेशातलं विद्यापीठ भरतं. तुम्ही प्रवेश घेतलात की तुमच्या पहिल्या वर्षाच्या फीतला काही हिस्सा त्याला कमिशन म्हणून मिळतो. यात बेकायदा काही नाही. पण त्याचा अर्थ लक्षात घ्या. तुमची फी जितकी जास्त तितकं त्याचं कमिशन जास्त. जिथे फीच नाही तिथे त्याला मिळणार काय? तुम्हाला पूर्ण शिष्यवृत्ती देणाऱ्या विद्यापीठाशी त्याचा करार नसेल तर त्या विद्यापीठाचं नाव तो काढेलच कशाला?

बहिणीसाठी आम्ही एका ऑफिसात गेलो होतो. नाव सांगत नाही, ते महत्त्वाचंही नाही. त्यांनी पाच विद्यापीठांची यादी दिली. पाचही खासगी. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, सेमिस्टरला थोडीशी वर्गणी असते. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, ते धरूनही खासगीपेक्षा स्वस्त. यातलं एकही नाव यादीत नव्हतं. पॅकेज मात्र दीड लाखाचं.

घरी येऊन आम्ही त्या दीड लाखाचे तुकडे केले. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र लागतं, त्याची फी १८,००० रुपये, अर्ज स्वतः करता येतो. बरीच सरकारी विद्यापीठं अर्ज घेतात ते युनि-असिस्ट या संस्थेमार्फत. पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. पाच अर्जांचे १९५ युरो. पासपोर्ट साधा, ३६ पानी, १,५०० रुपये. व्हिसाची फी आपलीच, ती पॅकेजमध्ये नव्हतीच. म्हणजे दीड लाखातले बरेचसे पैसे फॉर्म भरण्याच्या भीतीचे होते.

आणि खरी भिंत वेगळीच आहे. जर्मनीच्या व्हिसासाठी 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये वर्षाचा राहण्याचा खर्च आधी दाखवावा लागतो, सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो. रुपयांत दहा लाखांच्या पुढे. ही भिंत कुठलाही एजंट पाडत नाही. उलट ती चढण्यासाठी जमवलेल्या पैशांतूनच तो आपला वाटा काढतो. माझ्या आईने निपाणीत तीस वर्षं विड्या वळल्या. तिच्या नावावर जी थोडी जागा आहे ती तारण ठेवायची की नाही, यावर आमच्या घरात रात्र-रात्र बोलणं झालंय. अशा पैशातले दीड लाख कशावर जातात ते विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

आईने यात एक प्रश्न विचारला आणि तो बरोबर होता. "काय चुकलं-बिकलं तर कुणाला धरायचं गं? एजंट असला तर त्येला तरी धरता येतंय." मी त्या ऑफिसचा करार आणून तिला वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, प्रवेश किंवा व्हिसा नाकारला गेल्यास कंपनी जबाबदार नाही, भरलेली रक्कम परत मिळणार नाही. म्हणजे धरायला तिथेही कुणी नव्हतं. आई म्हणाली, "मग त्यो कशाला पायजे?"

जबाबदारी कुणाची, हा प्रश्न कॅनडातल्या प्रकरणातून सगळ्यात स्पष्ट झाला. २०२३ साली तिथे शिकून नोकरीला लागलेल्या कित्येक पंजाबी मुलामुलींना देश सोडण्याच्या नोटिसा आल्या. त्यांच्या जालंधरच्या एजंटने काही वर्षांपूर्वी कॉलेजांची खोटी प्रवेशपत्रं जोडली होती. आंदोलन झालं, सरकारने कारवाई थांबवून एकेक प्रकरण तपासायचं ठरवलं, आणि त्या वर्षीच्या १ डिसेंबरपासून कॅनडा प्रत्येक प्रवेशपत्र थेट कॉलेजकडून पडताळू लागला. पण दरम्यान ती मुलं ज्या भीतीत जगली ती त्यांची एकट्याची होती. अर्जावर सही तुमची असते. खोटी माहिती निघाली तर कॅनडात पाच वर्षांची बंदी येऊ शकते, ब्रिटनमध्ये दहा वर्षांची. ती एजंटवर येत नाही. म्हणून "खात्यात पैसे आम्ही दाखवून देतो" असं कुणी म्हणालं की चहा अर्धा सोडून उठा.

आता एजंट जे सांगत नाही ते. नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप १९५४-५५ पासून आहे, वर्षाला १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. २०२२ च्या नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज या विषयांवरचं संशोधन त्यातून वगळलं. म्हणजे जातीवर संशोधन करायला बाहेर जाणाऱ्या मुलीला ही दारं बंद. याविरुद्ध बोलत राहिलंच पाहिजे, पण विज्ञान-तंत्रज्ञानातल्या मुलांनी अर्ज सोडू नये. महाराष्ट्राचे रहिवासी असाल तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी ७५ जागा. आम्ही निपाणीचे. कोल्हापूर तासाभरावर, पण १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आमचा भाग इकडे आला, म्हणून शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आम्हाला नाही. आम्हाला कर्नाटक सरकारची 'प्रबुद्ध' योजना. सीमाभागातल्या मुलांनी हे आधी तपासावं, नाहीतर चुकीच्या राज्याची कागदपत्रं जमवण्यात वर्ष जातं. चिवनिंग, इरास्मस मुंडस, डाड, कॉमनवेल्थ यांचे अर्ज विद्यार्थ्याने थेट करायचे असतात. यात एजंटला कमिशन नाही, म्हणून ऑफिसच्या भिंतीवर त्यांची पोस्टरं दिसत नाहीत.

आता एस.ओ.पी. माझ्या एका मित्राच्या एस.ओ.पी.तून एजंटने वसतिगृह, शिष्यवृत्ती, वस्तीतली अभ्यासिका, सगळं काढून टाकलं. "हे निगेटिव्ह वाटतं," म्हणे. त्या जागी 'लहानपणापासून मला यंत्रांची आवड होती' हे वाक्य घातलं, जे त्याच ऑफिसातून बाहेर पडलेल्या दुसऱ्या दोघांच्या कागदांतही होतं. जात लिहायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ते ठरवणारा कमिशनवरचा माणूस नसावा.

तर माझं उत्तर काय? कामाचे तुकडे करा. माहिती, विद्यापीठांची निवड, फॉर्म, एस.ओ.पी., पैसे, व्हिसा. प्रत्येक तुकड्याला विचारा की हे मला जमतं का, ओळखीतल्या कुणाला जमतं का, आणि पैसे द्यायचेच तर याला पैसे आणखी कोण देतंय. एखाद्या तुकड्यासाठी पैसे मोजण्यात कमीपणा नाही. आम्ही बहिणीच्या जर्मन भाषेच्या वर्गाला पैसे भरले, पॅकेजला नाही. अर्ज तिने स्वतः केलेत, उत्तरं अजून यायचीत. कुणाची परिस्थिती अशी असेल की एजंटशिवाय होणारच नाही. नोकरी, घर, आजारपण यात वेळच नसतो. मग एजंट करा, पण ई-मेल आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा. जातीचा दाखला, मार्कशीट, काहीही मूळ प्रत त्याच्याकडे ठेवू नका, ती ओलीस ठरते. प्रत्येक पैशाची पावती घ्या. प्रवेशपत्र आलं की विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या पत्त्यावर स्वतः मेल करून खात्री करा.

बाबासाहेबही एकटे गेले नव्हते. केळुसकर गुरुजींनी त्यांची सयाजीराव महाराजांशी गाठ घालून दिली. १९१३ साली ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, महिना साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा लेखी करार. १९२० साली अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला निघाले तेव्हा स्वतःची बचत होती, शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये होते. मदत त्यांनीही घेतली. पण कुणाकडून, कोणत्या अटींवर, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपल्यालाही तेवढंच हवंय.

आज असं काम काही जण संघटितपणे करतायत. राजू केंद्रे यांच्या एकलव्य इंडिया फाउंडेशनसारख्या संस्था पहिल्या पिढीच्या मुलांना परदेशी अर्जांसाठी मार्गदर्शन करतात. पण सगळं संस्थांवर सोडून चालणार नाही. या खोलीत आज दोघं जण बाहेर शिकून आलेत, चौघांचे अर्ज चालू आहेत. पुढच्या रविवारपासून बैठक संपल्यावर दोन तास आपण लॅपटॉप घेऊन बसू. ज्याचा अर्ज झालाय त्याने ज्याचा व्हायचाय त्याच्या शेजारी बसायचं. एस.ओ.पी. एकमेकांनी वाचायची. त्यांच्या घरात मामा-आत्या आहेत, आपल्याकडे ही खोली आहे. जो जाईल त्याने पुढच्या दोघांचे अर्ज तपासून द्यायचे, एवढी एकच फी.

नावं दाराजवळच्या वहीत लिहा. पासपोर्ट नसेल तर तेही लिहा, सुरुवात तिथूनच करू.

जय भीम.