घरचे अन्न, घरचे औषध आणि घरचे माप

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



शाकाहारी घरगुती स्वयंपाक आणि घरगुती उपचार या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा आम्हांस प्रथम संकोचच वाटला. आम्ही वैद्य नाही, डॉक्टर नाही आणि पाकशास्त्रात नाव मिळविलेले तर मुळीच नाही. आमचे आयुष्य शाळेत रसायनशास्त्र शिकविण्यात गेले आणि घरच्या चुलीशी आमचा संबंध पानावर बसण्यापुरताच राहिला. परंतु सहा वर्षांपूर्वी आमच्या सहधर्मचारिणीचे देहावसान झाले आणि वयाच्या ६८व्या वर्षी आम्हांस पळी हाती धरावी लागली. तेव्हापासून जे शिकलो आणि जेथे चुकलो, ते आपणांपुढे मांडावे, एवढाच आमचा अधिकार आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्या ज्ञातीत काही घरी मासे चालतात, काही घरी चालत नाहीत. त्या वादात आम्हांस पडावयाचे नाही. मासे खाणाऱ्या घरीही रोजच्या जेवणाचा पाया वरण, उसळ, पालेभाजी आणि भात-भाकरी हाच असतो. त्या पायाविषयीच आम्ही बोलणार आहोत.

पत्नीच्या मागे तिची एक वही आमच्या हाती आली. तीत मेतकुटाची कृती होती. आजारातून उठलेल्या माणसास गुरगुट्या भात, वर तुपाची धार आणि चिमूटभर मेतकूट द्यावयाचे, ही आमच्या घरची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आम्ही मोठ्या उमेदीने सामान आणले. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहू, मेथी, मोहरी, धने, जिरे, सुंठ, हळद, हिंग, सारे काही आणले. वहीत लिहिले होते: 'डाळ लहान वाटीने दोन, मेथी अंदाजाने, खमंग होईपर्यंत भाजणे.' आता ही लहान वाटी कोणती? ती पितळेची वाटी आम्हीच दोन वर्षांपूर्वी इतर भांड्यांबरोबर मोडीत काढली होती. अंदाज जिच्या हाती होता, ती निघून गेली होती. मेथी जास्त पडली, वर ती करपली आणि सगळे मेतकूट कडू झाले. त्याच वहीत पुढे आमच्या सासूबाईंची कृती होती. तीत नवटाकाचा हिशेब होता. देशात दशमान वजने-मापे आणण्याचा कायदा १९५६ साली झाला. त्यापूर्वी शेर गावोगावी निराळा असे. मग नवटाक कोणत्या शेराचे, हे आज कोण सांगणार?

त्या दिवशी आम्हांस कळून चुकले की घरातील विद्या जाते ती एकाएकी जात नाही. आधी तिचे माप जाते, मग ती जाते. आजच्या आमच्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

ही विद्या जपण्याच्या योग्यतेची आहे काय, असे कोणी विचारील. तर तिच्यातील काही गोष्टी रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहू. धान्यातील प्रथिनांत लायसीन नावाचे द्रव्य कमी असते, ते डाळींत भरपूर असते. डाळींत मेथिओनीन कमी असते, ते धान्यांत असते. वरणभात, पिठले-भाकरी, मुगाची खिचडी या जोड्यांत एकाची उणीव दुसरा भरून काढतो. पालेभाजीतील लोह शरीरास सहजासहजी लागत नाही. परंतु सोबत 'क' जीवनसत्त्व असले, म्हणजे अधिक लागते. पानाच्या डाव्या बाजूस वाढलेली लिंबाची फोड केवळ शोभेकरिता नव्हती. उलट जेवणाला लागूनच चहा घेतला, तर त्यातील टॅनिन ते लोह अडवून धरते. मटकी, मूग भिजवून मोड आणल्याने त्यातील फायटिक आम्ल कमी होते आणि पोषक क्षार अधिक मिळतात. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास भरते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरांतील दुकानांत नाचणीची बिस्किटे दिसू लागली. कोकणातील आमच्या आजीने तिचे आंबील कोणत्याही वर्षाची वाट न पाहता केले होते.

अळूचेच उदाहरण घ्या. अळूत सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्यांनी घसा खवखवतो. म्हणूनच फदफदे नीट शिजवावयाचे आणि त्यात चिंच किंवा आमसूल घालावयाचे, हा दंडक. न्हाणीघरातील शिकेकाई आणि रिठा यांचेही तसेच आहे. दोहोंत पाण्यात फेस आणणारी सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात, ती तेलकटपणा काढतात. मात्र तेच पाणी डोळ्यांत गेले, तर आग होते. म्हणून न्हाऊ घालताना आई 'डोळे मीट' असे आधी बजावीत असे. कृतीबरोबर सावधगिरीही सांगितली जात होती, हे येथे ध्यानात ठेवावे. याचा संबंध पुढे येणार आहे.

आता मापाचे महत्त्व किती, ते पाहू. जुलाब-वांत्यांनी अंगातील पाणी गेले, म्हणजे साखर-मिठाचे पाणी देतात, हे आपण सर्व जाणता. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ उद्भवली. शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा ठरलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून आप्तांच्याच हातून रोग्यांस पाजविले. शंभरात सुमारे तीस जण दगावत होते, ते प्रमाण तीनवर आले. मृत्यूनंतर, २०२३ साली, त्यांस पद्मविभूषण जाहीर झाले. घरी करावयाचे तर प्रमाण असे: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने जास्त घातले, तर तेच पाणी तान्ह्या मुलास अपाय करते. जीव वाचविणारी वस्तू आणि जीव घेणारी वस्तू यांच्यामध्ये येथे केवळ एक चमचा उभा आहे.

आणि लेखनाचे महत्त्व किती? १९९५ साली अमेरिकेतील एका विद्यापीठास, जखम भरण्याकरिता हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. आपल्या प्रत्येक घरात मुलाच्या फुटलेल्या गुडघ्यावर हळद दाबली जात होती. परंतु 'आमची आजी असे करीत असे' हे म्हणणे कचेरीत चालत नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील लेख यांतील पुरावे पुढे ठेवले. त्यांत १९५३ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला लेखही होता. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. लिहून ठेवलेले कामास आले. न लिहिलेले खरे असूनही निरुपयोगी ठरले असते.

येथपर्यंत आपणांस आमचे म्हणणे गोड वाटले असेल. आता जे सांगावयाचे आहे ते कडू आहे.

आमच्या चुलतीस मधुमेह होता. गोळ्या चालू होत्या, प्रकृती बरी होती. कोणीतरी सांगितले की रोज कारल्याचा रस घेतल्यास गोळ्यांचे काम नाही. तिने गोळ्या सोडल्या. शेजारच्यांस दोष देणे सोपे आहे. परंतु बाजारातून कारली आणून देणारे आम्हीच होतो, आणि 'निसर्गाचे आहे, अपाय काय होणार?' असे म्हणणारेही आम्हीच होतो. वर्षभराने तिच्या पायास लहानशी जखम झाली. घरात हळद होतीच, ती लावली. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली असल्याने तिला दुखत नव्हते आणि दुखत नाही म्हणून आम्ही निश्चिंत होतो. डॉक्टरांकडे नेले तेव्हा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यानंतर ती चार वर्षे जगली. तिने आम्हांस एका शब्दाने बोल लावला नाही, हेच आम्हांस अधिक जड गेले. कारले ही उत्तम भाजी आहे; परंतु ते मधुमेहाच्या औषधाची जागा घेऊ शकत नाही. रसायनशास्त्र शिकविणाऱ्या माणसास ही गोष्ट एका पायाच्या किमतीस कळली.

दुसरे उदाहरण दुधी भोपळ्याचे. आपल्याकडे दुधी, काकडी किंवा दोडका चिरताना टोक कापून चाखून पाहावयाचे आणि कडू लागल्यास फेकून द्यावयाचे, अशी चाल आहे. पुढे दुधीच्या रसाची लाट आली. लोकांनी रस घेतला, चाखण्याची चाल मात्र टाकली. आणि 'औषध कडूच असते' म्हणून कडू रसही पिऊन टाकला. त्याने माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात नोंदल्या गेल्या आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीस कडू रस पिऊ नये, असा इशारा द्यावा लागला. आजीची विद्या येथे चुकली नाही. आपण तिची अर्धी विद्या उचलली आणि उरलेली अर्धी, म्हणजे सावधगिरी, वाटेत सांडली.

मात्र जुने ते सारे बिनचूक, असेही आम्ही म्हणणार नाही. एक वर्षाच्या आतील मुलास मध चाटवू नये, असे आज डॉक्टर सांगतात. कारण मधातील काही सूक्ष्म जंतूंपासून तान्ह्यास गंभीर विषबाधा होऊ शकते. कडुलिंबाचे तेल तान्ह्या मुलांस पाजल्याने ती दगावल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. अलीकडे काही तरुण दूध-दही देखील वर्ज्य करतात. त्यांच्या निश्चयाचा आम्हांस आदर आहे. परंतु 'ब-१२' हे जीवनसत्त्व भाजीपाल्यातून मिळत नाही आणि ते कमी पडल्यास रक्त व मज्जातंतू दोन्हींवर परिणाम होतो. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याची पूरक गोळी अवश्य घ्यावी. येथे आजीच्या वहीत उत्तर शोधण्यात अर्थ नाही. तिच्या घरी दुभते होते.

मग करावे काय? अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे गावच्या श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा आणि रानभाज्या यांचे गावठी बियाणे जमवून घरी बीजकोष उभा केला. २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या एका बाईस जर एवढे साधते, तर आपल्या सुशिक्षित ज्ञातीस एक वही साधू नये काय? १९७० साली प्रसिद्ध झालेले कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' घराघरांत गेले, त्याचे एक कारण हेच की त्यात माप होते आणि नव्या सुनेसही त्यावरून पदार्थ साधत असे.

यास्तव आम्ही एक सूचना मांडतो. पुढील वर्षभरात प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरची एकच कृती लिहून कार्यालयात द्यावी. मग ती कुळथाच्या पिठीची असो, आमसुलाच्या साराची असो, टाकळ्याच्या भाजीची असो वा शिकेकाईच्या कुटाची. तिचे चार भाग असावेत. पहिला, जिन्नस व त्यांचे ग्रॅममधील वजन. दुसरा, कृती, तीत 'खमंग होईपर्यंत' एवढेच न लिहिता किती मिनिटे, कोणत्या आंचेवर आणि रंग कसा, तेही लिहावे. तिसरा, ही वस्तू कोणास देऊ नये. आणि चौथा, उपचाराची कृती असल्यास, किती दिवसांत गुण न आल्यास डॉक्टरांकडे जावे. डॉक्टरांचे औषध चालू असल्यास ते त्यांस विचारल्यावाचून कधीही बंद करू नये, हे वाक्य प्रत्येक उपचाराखाली लिहावे. आपल्या ज्ञातीत डॉक्टर पुष्कळ आहेत. छापण्यापूर्वी त्यांनी तिसरा व चौथा भाग तपासून द्यावा.

आणि हे काम केवळ भगिनींवर टाकू नये, अशी बंधूंस हात जोडून विनंती आहे. आई, सासू किंवा आजी स्वयंपाक करीत असताना मुलांनी व नातवांनी शेजारी काटा घेऊन उभे राहावे. ती मूठभर घेईल, ती मूठ आधी काट्यावर घालावी आणि आकडा टिपून ठेवावा. ती रागावेल, 'इतके काय मोजतोस?' म्हणेल, तरी मोजावे. आम्ही बेचाळीस वर्षे तिच्या हातचे जेवलो आणि एकदाही तिची मूठ मोजली नाही.

आता आमच्या मेतकुटाचे काय झाले, ते सांगून पुरे करतो. नऊ वेळा करून पाहिल्यावर आमच्या थोरल्या मुलीने चाखून सांगितले, 'बाबा, हे आईच्या जवळ आले.' तेवढे प्रमाण आम्ही ग्रॅममध्ये लिहून काढले आहे आणि आमच्या सूचनेप्रमाणे पहिली कृती म्हणून आजच चिटणीसांच्या हाती देत आहोत.