जुन्या जीपचा दांडा

श्रोतेहो, शिरूरहून न्हावरामार्गे चौफुल्याला जा, नाहीतर दौंड स्टेशनाबाहेर घटकाभर उभे राहा. एखादी जुनी जीप दिसायचीच. महिंद्रांनी विलीज जीप आपल्या देशात जुळवायला घेतली. त्या घराण्यातल्या काही गाड्या आपल्या ऊसपट्ट्यात अजून तग धरून आहेत. मूळचा गियरबॉक्स झिजला की मालक दुसऱ्या गाडीचा बसवून घेतो, आणि खरी कटकट तिथून पुढे सुरू होते.

न्हावऱ्याकडच्या एका बागायतदारांची जीप अशीच. ताशी ५० किलोमीटरच्या पुढे गेली की पायाखालचा पत्रा घुमू लागे. त्यांनी चाके तपासून घेतली, दोनदा क्रॉस बदलले. घुमणे काही जाईना. दोष भागांत नव्हताच, बसवणीत होता.

गियरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलकडे जो दांडा जातो, ज्याला गॅरेजात प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात, त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतो. क्रॉस कोनात फिरला की दांड्याची गती दर फेऱ्याला दोनदा वाढते, दोनदा घटते. मागचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर तो ही चढउतार पुसून टाकतो. म्हणजे गियरबॉक्सची रेषा आणि डिफरन्शियलची रेषा समांतर हवी. गुरुजी, समांतर रेषा, छेदिका आणि व्युत्क्रम कोन आपण फळ्यावर शिकवता ना? जीपखाली तेच आहे, बरं का!

मोजायला कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. मध्यबिंदूला दोरा बांधा, दोऱ्याला एक नट लटकवा. गाडी सपाट जागी आपल्या चारी चाकांवर उभी हवी. जॅकवर उचलली की मागचा आस लोंबतो आणि माप खोटे येते. इंजिन बंद, हातब्रेक ओढलेला, चाकांना दगड. हे विसरून गाडीखाली शिरू नका.

या जीपचा गियरबॉक्स मागे ४ अंश उतरता निघाला, दांडा ७ अंश, डिफरन्शियल २ अंश. वजाबाकी करा: पुढे ३, मागे ५. फरक एका अंशाच्या आत हवा, इथे दोनाचा. नव्या गियरबॉक्सची शेपटी मूळच्यापेक्षा खाली बसली होती, आणि बसवणाऱ्याने ते पाहिलेच नव्हते. कमानपाटे आणि आस यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना २ अंशांची लोखंडी पाचर घातली. त्याने दांडाही थोडा हलतो, म्हणून पुन्हा मोजले: ४, ६, ४. दोन्हीकडे दोन. तीनही आकडे एकच करण्याच्या नादी मात्र लागू नये. क्रॉसमधल्या बारीक सुया फिरायला थोडा कोन लागतो.

आणखी एक पाहा. दांड्याच्या मधल्या सरकत्या जोडाला दोन्हीकडे इंचभर तरी जागा राहिली पाहिजे, आणि दोन टोकांचे चिमटे एका रेषेत हवेत. जोड निसटून दांड्याचे पुढचे टोक रस्त्यात रुतले तर चालती गाडी उलटू शकते. म्हणून आम्ही दांड्याखाली पोलादी पट्टीची एक कडीही बसवली.

जीप आता ६० ला पळते. खुळखुळतो तो फक्त मागचा फाळका.