जादूची वस्तू कुणाच्या पुस्तकातली?

(स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



शाळेच्या वाचनालयात खेळांचं एक कपाट ठेवायचं, असं आपण माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं. त्यातल्या एका खेळाची पुस्तकं निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी सॉफ्टवेअरवाली, दिवसभर यंत्राला नियम सांगते, म्हणून असेल! पैसे तुम्ही दिलेत, तेव्हा हिशेबही तुमच्यासमोरच मांडते.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तयार केलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेत बाजारात आला. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. गोष्टीत जादूच्या वस्तू सापडतात. मुलांचा जीव त्यांच्यावर आणि भांडणंही त्यांच्यावरूनच.

बाई, हे तुम्हाला परकं वाटायचं कारण नाही. द्रौपदीची थाळी आठवा. अन्न कधी संपायचं? तिचं जेवण झालं की त्या दिवसापुरतं. दुर्वास ऋषी नेमके त्यानंतर आले, म्हणून तर प्रसंग ओढवला. कर्णाला इंद्राने दिलेली शक्ती एकदाच वापरता येणारी. ती घटोत्कचावर खर्च झाली आणि अर्जुन वाचला. म्हणजे वस्तूची गंमत तिच्या ताकदीत जेवढी, तेवढीच तिच्या अटीत असते. या खेळातही एक जादूची कांडी आहे. तिच्यात सात भार असतात. खर्च झालेल्यांपैकी काही रोज पहाटे परत येतात, आणि किती ते फासा ठरवतो. जिच्या हातात कांडी आहे, तिला ही अट ठाऊक हवी.

आता अट कुणाच्या पुस्तकातली, हा प्रश्न. आपल्या कबड्डीत संजीवनी, गामिनी आणि अमर असे प्रकार होते. संजीवनीत बाद झालेला गडी परत जिवंत होतो, गामिनीत अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसतो, आणि अमरमध्ये बाद झाला तरी मैदान सोडत नाही. गल्लीत काहीही चालतं. पण दोन गावांचे संघ समोरासमोर आले, की आधी नियम एक करावे लागतात. त्यासाठीच १९२३ साली बडोद्यात कबड्डीचे नियम छापून त्यांनुसार स्पर्धा झाली.

टेबलावरच्या या खेळाचंही तसंच झालं. २०१४ साली ॲडव्हेंचरर्स लीग सुरू झाली. तुमचं पात्र एका टेबलावरून उचलायचं आणि दुसऱ्या शहरातल्या अनोळखी लोकांच्या टेबलावर तेच घेऊन बसायचं. मग तिथे सुरुवातीला काही वर्षं एक सोपा नियम होता: पात्र घडवायला खेळाडूचं मूळ पुस्तक, म्हणजे प्लेअर्स हँडबुक, आणि त्याव्यतिरिक्त फक्त एक पुस्तक. खेळ चालवणाऱ्याला डझनभर पुस्तकं पाठ असावी लागू नयेत, आणि जास्त पुस्तकं विकत घेणाऱ्याचं पात्र आपोआप वरचढ होऊ नये, असा त्याचा फायदा. खेळताना सापडलेली जादूची वस्तू मात्र या मोजणीत धरत नसत. ती कमावलेली असते. कुठल्या साहसात मिळाली याची नोंद ठेवायची आणि तिचा मजकूर जवळ बाळगायचा.

जादूच्या बहुतेक वस्तू डंजन मास्टर्स गाइडमध्ये असतात. हे पुस्तक खेळ चालवणाऱ्याचं. खेळाडूच्या हँडबुकात वस्तू जवळपास नाहीतच, पण जखमा भरणारं औषध तिथे सापडतं. त्यातही आवृत्ती बघावी लागते. २०१४च्या नियमांत ते औषध पिण्यात त्या फेरीतली तुमची मुख्य कृती खर्च होते, २०२४च्या नियमांत जोडकृतीत भागतं. एकाने जुनं आणि दुसऱ्याने नवं पुस्तक आणलं, तर दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि वाद मात्र अटळ.

म्हणून माझी यादी छोटी आहे. सगळं २०२४च्या आवृत्तीचं. प्लेअर्स हँडबुकच्या दोन प्रती, गाइडची एक, राक्षस आणि प्राण्यांसाठी मॉन्स्टर मॅन्युअलची एक. बस्स. प्रत्येक मुलाला गाइड नको. त्याच्या पात्राला सापडलेल्या वस्तूचा तेवढा मजकूर त्याच्या हातात असला की पुरे. तसंही एका पात्राला एका वेळी तीनच वस्तूंशी खास नातं जोडता येतं. त्यामुळे ज्यांच्या अटी मनात घोळवत बसावं लागतं, अशा वस्तू फार नसतात.

आता मुद्द्याचं. आपली शाळा मराठी माध्यमाची आणि ही पुस्तकं इंग्रजीत. मोठ्या मुलांना जमेल, सातवीतली मुलगी पहिल्याच पानावर अडेल. मग इंग्रजी ज्याला येतं तो सांगेल तो नियम. हे मला खटकतं. खेळात हरणं चालतं, पण आपल्याच वस्तूची अट दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागणं बरं नाही.

यावर उपाय आहे. या नियमांचा एक मोठा भाग, त्यात जादूच्या अनेक वस्तूही आल्या, प्रकाशकांनी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला आहे: जुन्या आवृत्तीचा जानेवारी २०२३मध्ये, नव्याचा एप्रिल २०२५मध्ये. मूळ श्रेय छापलं की त्याचं भाषांतर करता येतं, प्रती काढून वाटताही येतात. फुकट आणि कायदेशीर. बाकीच्या पुस्तकांना ही मुभा नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

तेव्हा पाच-पाच संच घेण्याऐवजी उरलेल्या पैशांतून मराठी पत्ते छापू. एका पत्त्यावर एक वस्तू: नाव, काय करते, किती वेळा, केव्हा परत भरते. मी पहिले वीस करते. तुमच्यापैकी पाच जणांनी प्रत्येकी दहा घेतले, तर सत्तर होतील. शब्द मात्र सगळ्यांनी एकच वापरायचे, ते तपासायला आपल्या मराठीच्या बाईंना मी आत्ताच गळ घालते. बाई, नाही म्हणू नका!

नावं जेवणाच्या रांगेत लिहून घेते.